उंबऱ्यावरचं अंडं

६ फेब्रुवारी

लिहायचं लिहायचं म्हणत चार दिवस टाळलं. वही देताना बाईंनी बजावलं होतं की ओयिर, दुभाष्याने रोज लिहावं, म्हणजे आपले शब्द कुठले आणि दुसऱ्याचे कुठले हे विसरायला होत नाही. पण निघालो त्याच दिवशी मोटरसायकलची चेन तुटली, दुसऱ्या दिवशी वाटेत एक लग्न लागलं, तिथे नाचलो, आणि मग राहिलंच.

बाई म्हणजे नाबुलिमे बाई, राजधानीतल्या चौकशी आयोगाच्या. शांतता राखायला समुद्रापलीकडे गेलेल्या आपल्या तुकडीने तिथल्या एका विहिरीवर गावकऱ्यांना मारलं, असा आरोप आहे. तुकडी परत आली. सगळे जवान एका सुरात सांगतात की विहिरीवर कोणी नव्हतंच. ओब्वोना नावाचा एकच जवान बाईंना फोनवर म्हणाला की मी सांगतो सगळं. त्यानंतर तो बेपत्ता. म्हणून आम्ही त्याच्या आईकडे आलोय. बाईंना इकडची अचोली भाषा येत नाही. माझं गाव नाईलच्या पलीकडचं, पण आमची भाषा अचोलीची चुलतबहीण. मला जमतं. शाळा अर्धी सोडली, भाषा मात्र सुटल्या नाहीत.

आलो तेव्हा मजाच झाली. अंगणात एका बोकडाच्या पाठीवर कोंबडा बसून चालला होता, अगदी साहेबासारखा. त्याच्याकडे बघत हसत कुंपणातून आत शिरलो आणि पायाखाली काहीतरी फुटलं. अंडं होतं. त्याच्याखाली ओपोबो झाडाची निसरड्या सालीची फांदी आणि कणगी उघडायचा दांडा आडवा टाकलेला.

ओब्वोनाची धाकटी बहीण लामुनू पोट धरून हसली. म्हणाली, “या दादा, इतके दिवस कुठे उंडारत होतास?”

कारण ते अंडं पाहुण्याचं नव्हे. घरचा मुलगा लांबून, विशेषतः लढाईवरून आला, की त्याने ते पायाने फोडायचं. जे त्याच्या मागे लागून आलं असेल ते मग कुंपणाबाहेर राहतं. आमच्याकडे ही रीत नाही, पण ऐकून होतो. मी माफी मागितली, दुसरं अंडं आणून देतो म्हणालो. ओब्वोनाची आई पुढे आली. खाली बसली आणि माझा पाय स्वतःच्या हाताने धुतला.

७ फेब्रुवारी

मला ओब्वोनाची झोपडी दिलीय, बाईंना लामुनूची. जेवण झकास. नाचणीचा गरम गोळा, आंबट पाल्यात कालवलेलं तिळाचं वाटण. आई माझ्यासमोर ठेवते ते लाकडी ताट कोणाचं, असं विचारलं तर लामुनू म्हणाली, तुझंच की रे, विसरलास? दिवसभर मला ओब्वोना म्हणून हाका मारते. मीही ओ देतो. तिला हसवायला बरं वाटतं.

इकडे वाटसरूला आधी विचारतात, मागचे कसे आहेत? म्हणजे घरचे, मागे राहिलेले. आज तंबाखू आणायला चाललो होतो, सायकल ढकलत एक म्हातारा समोरून आला. त्याने विचारलं, मागचे कसे आहेत? मी म्हणालो, मजेत. त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

“बरेच आहेत,” तो म्हणाला, आणि सायकल काट्यांतून घालून निघून गेला.

लामुनूला ही गंमत सांगितली. ती हसली नाही.

९ फेब्रुवारी

आज आईची साक्ष झाली. आंब्याखाली बसलो. बाईंनी रेकॉर्डर लावला. आई बोलत गेली, मी सांगत गेलो. दुभाष्या नेहमी ‘मी’ म्हणतो, साक्षीदार बोलेल तसं. तो नियमच आहे. संपलं तेव्हा घसा सुकला होता.

बाईंनी सगळं पुन्हा लावून ऐकलं आणि मला बोलावलं. रेकॉर्डरवर आईचा आवाज नाही. कोंबड्यांचा आहे, बाईंच्या प्रश्नांचा आहे, माझा आहे. आई गप्प बसून होती आणि मी बोलत होतो. माझ्याच आवाजात: मी पांढऱ्या वाळूत, विहिरीच्या काठाशी उभा होतो. सार्जंट म्हणाला रांग लावा. शेवटी एक मुलगी होती, पिवळा कॅन घेऊन, झाकण हरवलेलं म्हणून तोंडाशी निळ्या चिंधीचा बोळा. ती म्हणाली, आधी भरून घेऊ दे. सार्जंटने माझ्याकडे पाहिलं. मग मी—

बाईंनी रेकॉर्डर बंद केला. तो निळा बोळा त्यांनी चौकशीला गेल्या तेव्हा स्वतः त्या विहिरीवर पाहिला होता. खरा साक्षीदार ओळखता यावा म्हणून तो कुठेही नोंदवला नव्हता, कोणाला सांगितलाही नव्हता.

मी म्हणालो, आई बोलली, मी ऐकलं. बाई म्हणाल्या, कोणत्या भाषेत?

आठवेना.

१० फेब्रुवारी

भर दुपारी कुंपणापलीकडे माणसं उभी होती. मला वाटलं बाजारातून आलेत, सावलीला थांबलेत. पण तिकडे सावली नाहीच. त्यांचीही नाही. सगळे कोरड्या ओठांचे, कोणी आत येत नव्हतं. लामुनूला दाखवलं. तिला कुंपणच दिसतं.

माठात तळाशी वाळू आहे. पांढरी. इथली माती विटेसारखी लाल. पाणी खारट लागतं. फक्त मला.

न्याहरीला लामुनूने चपातीत अंडं गुंडाळून दिलं, माझ्या आवडीचं. तोंडाला लावलं आणि ओकलो.

१२ फेब्रुवारी

बाईंना राजधानीतून फोन. ओब्वोना सापडला. काल आपल्या पायांनी आयोगात आला. हसतो, जेवतो, गाढ झोपतो. म्हणतो, विहिरीवर कोणी नव्हतं. त्याच्याशी फोनवर बोलून बाई म्हणाल्या, खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, हा खोटं बोलत नाहीये. त्याला आठवतच नाही.

मला आठवतं. सगळं. चिंधीचा वाससुद्धा.

बाईंनी आईला विचारायला लावलं की मुलगा येणार हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं? अंडं कशाला मांडलं? या वेळी आई खरंच बोलली, बाईंनी तिचे ओठ पाहिले. कोणी सांगितलं नव्हतं. ओब्वोना एकदा कुंपणापर्यंत आला होता, पण अंड्यावर पाय ठेवण्याआधीच मागच्यांनी त्याला ओढून नेलं. तेव्हापासून ती रोज ताजं अंडं मांडत होती. येईल त्याच्यासाठी. अंडं फोडेल तो घरचा, आणि मागचे मग त्याचे. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

“तू कोणाचा तरी मुलगा आहेस, हे मला दिसत होतं. पण माझा नव्हतास.”

हेही मी बाईंना सांगितलं. ‘मी’ लावूनच सांगितलं. नियम.

१३ फेब्रुवारी

बाई म्हणतात, आता साक्षीदार तूच, आयोगापुढे चल. मोटरसायकलवर बसलो. तंबाखूला गेलो तेव्हा ते नुसते मागे होते, आज कुंपण ओलांडलं आणि खांद्यावर हात पडला. मग दुसरा. तोंडात खारं पाणी भरलं, श्वास — बाईंनी ओढून आत आणलं. बुटांत पांढरी वाळू.

आत ते येत नाहीत. आत मी घरचा आहे.

बाई गाडी आणायला शहरात गेल्या. बंद गाडी, म्हणाल्या, काचा वर करून, कुंपणाच्या फाटकाला चिकटवून लावू. मला एकटं सोडताना रडल्या. मी म्हणालो, कोंबडा बोकडावर बसतो इथे, मन रमेल.

आईने सगळं ऐकलं. तिला आपली भाषा — म्हणजे बाईंची भाषा — कळते असं वाटत नाही. पण मी साक्ष दिली की तिचा मुलगा फासावर जाणार, हे कळायला भाषा लागत नाही.

१४ फेब्रुवारी

नाव लिहून ठेवतो. ओयिरवोथ. ओयिर. नाईलपलीकडचा. आईचं नाव — माझ्या आईचं —

लामुनू आता ओब्वोना म्हणत नाही. मीच म्हणालो, हाक मार ना. ती कोपऱ्यात बसून रडते.

साक्ष पाठ करतोय. सार्जंट म्हणाला रांग लावा. मुलगी म्हणाली आधी भरून घेऊ दे. मी गोळी — त्याने. त्याने गोळी झाडली. त्याने. बाई, हे वाचाल तर ‘त्याने’ असं वाचा.

दुपार

बाईंचा फोन. गाडी मिळाली. निघाल्या.

ते कुंपणाला तोंड लावून उभे. पाणी मागतात. कळतं मला. ती भाषा मी कुठे शिकलो —

आई कोंबड्यांच्या खुराड्यात हात घालते आहे. का? आज कोण येणार आहे?

ओपोबोची फांदी तोडली. दांडा काढला —

लामुनू ओरडतेय, आई नको, नको गं —

गाडीचा आवाज नाही. लामुनू धापा टाकत आत आली. म्हणते, फाटकाशी कोणीतरी आलंय, तिलाही दिसतंय आता. लहान मुलगी, एकटीच, हातात पिवळा कॅन, बोळा निळा, आणि आईने वाकून तिच्यासाठी उंबऱ्यावर अंडं —