सहावा डबा

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज ऑफिसात बसून मी तुला लिहिते आहे. दमले आहे गं, आणि हे झोप काढून जाणारं दमणं नाही.

लालबागच्या खोलीत तू खानावळ चालवायचीस. दाराबाहेरच्या लांब फळीवर गिरणीवाल्यांचे सहा डबे, आणि त्यांना लागूनच शेजारच्या काकूंचे. आपल्या रांगेतला शेवटचा डबा माळकरी मामांचा. एक दिवस एक जण गावी गेला होता, म्हणून आपले डबे पाचच. मी सवयीने सहावा उचलून मामांना दिला. ते झाकण उघडतात आणि हात मागे घेतात. "वहिनी, ह्यात मासळी हाय." तू पटकन म्हणतेस, "माझीच चूक झाली, भाऊ." मला मात्र आत नेऊन झापलंस, "हात घालूच्या आधी किती आसत ता बघूक नको?" मला तुझा रागच आला होता. एका डब्यासाठी केवढं ते!

मी नेमकं काय काम करते, हे तुला कधी सांगता आलं नाही. आता सांगते. कॉम्प्युटरच्या मेमरीत सलग खण असतात, आणि त्यातल्या काही खणांवर आम्ही नुसती नजर ठेवतो. तिला व्ह्यू म्हणतात. आतला माल तिचा नसतो. नंबर सांगितला की ती त्या खणातलं देते. खण किती आहेत ते तिला विचारता येतं, पण आपण विचारलं तरच. पाचच असताना सहावा मागितला, तर ती बऱ्याचदा नाही म्हणत नाही, शेजारचं उचलून देते.

एका हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या सहा खाटांपैकी एक काढली होती. शेवटच्या खाटेची नाडी हवी होती आणि मी प्रोग्रॅममध्ये 'सहावी' लिहून ठेवलेलं. पडद्यावर शेजारच्या वॉर्डातल्या पेशंटची नाडी दिसत राहिली. सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या फाइलला शेवटचा हात माझ्या सहकाऱ्याचा लागला होता, म्हणून मीटिंगमध्ये सगळे त्याच्यावर घसरले. चोर सोडून संन्याशाला फाशी. तो बिचारा म्हणाला, "असेल, माझ्याच हातून झालं असेल." मी त्याच्या शेजारीच बसले होते. सोमवारपासून त्याला या कामावरून काढणार आहेत.

तुला एवढं सगळं लिहिलं, कारण हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही. चूक माझी आहे, असा दोन ओळींचा मेल साहेबांसाठीही लिहिला आहे. तीन दिवस झाले, तोही पाठवलेला नाही.