बॅटीवरचं कुंकू

आई, तुझा चहाचा पत्र्याचा डबा आता माझ्या कपाटात आहे. अण्णा गेले ते तुला माझ्या आधी कळलं असेल, तेव्हा ती बातमी मी देत बसत नाही. जेलरोडचं घर रिकामं करताना भांडी, गाद्या, तुझं शिवणयंत्र यांची वाटणी मी आणि धाकट्याने एका दुपारी चहा पिता पिता केली. कुठे आवाज चढला नाही. अडलं ते ह्या डब्यापाशी. त्यात तुझी क्रिकेटवाल्यांची कार्डं आहेत, जुन्या साड्यांच्या काठांनी गठ्ठे बांधलेली, तू ठेवलीस तशीच. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण अण्णांनी त्यातली एकही गाठ सोडलेली नव्हती. झाकण उघडलं की अजून चहाचा वास येतो. ह्या कार्डांना आता किंमत आहे म्हणे. हसू नकोस, खरंच आहे. विकायची की नाही, विकायची तर कशी, हा प्रश्न गेले काही महिने माझ्या घरात न जाणाऱ्या पाहुण्यासारखा बसून होता, आणि तो कसा सुटला ते तुला सांगावं म्हणून लिहायला बसले.

आपलं किराणा दुकान म्हणजे तेव्हा पुढच्या खोलीची खिडकी. समोर शाळा. मधली सुट्टी झाली की खिडकीत चेहरे दिसत नाहीत, नुसते हात दिसतात. पोरं च्युइंगम मागतात ते चघळायला नाही, आत निघणाऱ्या कार्डासाठी. वेष्टन फाडायचं, खेळाडूचा फोटो बघायचा, आणि आपल्याकडे आधीच असलेला निघाला की ‘श्शी, डबल’ म्हणून तिथेच टाकून द्यायचा. संध्याकाळी तू झाडायला बाहेर येतेस आणि वैतागतेस. कचऱ्याचा तुला वैताग नव्हता, तो तर दुकानाचा रोजचाच. “माणसांचे चेहरे आहेत, पायाखाली कसे येऊ द्यायचे,” असं पुटपुटत तू एकेक कार्ड उचलून पदराला पुसायचीस आणि चहाच्या रिकाम्या डब्यात टाकायचीस. क्रिकेटमधलं तुला ओ की ठो कळत नव्हतं. मग कधीतरी तूच शक्कल काढलीस, की दोन डबल आणून द्या आणि नसलेलं एक घेऊन जा. ही बातमी शाळाभर झाली, खिडकीपुढची गर्दी वाढली, च्युइंगमचा खप वाढला आणि डबा भरत गेला. धंद्याचं डोकं तुझं, हे अण्णाही मान्य करायचे, फक्त तुझ्यासमोर नाही.

मी एकदा तुझ्याकडे एक कार्ड मागितलं होतं. मी सातवीत असेन. तू वजन करत होतीस, मान वर न करता म्हणालीस, “दोन डबल आण आणि घेऊन जा.”

“माझ्याकडे डबल कुठून येणार? तू मला च्युइंगम खाऊ देतेस का?”

“तो तुझा प्रश्न.”

पोटच्या पोरीलाही तोच नियम. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि तू आग्रहही केला नाहीस. धाकटा भिंतीवर कार्डं उडवायच्या खेळात पोरांची कार्डं जिंकून आणायचा, त्यामुळे त्याच्याकडे डबल असायचे. तो ऐटीत अदलाबदल करायचा, आणि हळूहळू घरात त्या डब्याला ‘धाकट्याची कार्डं’ म्हणायला लागले. मला ते अजिबात आवडायचं नाही. आजही त्याने फोनवर ‘माझी कार्डं’ म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडते, आणि आता मी साठीला टेकले आहे.

दसऱ्याचं मात्र वेगळं होतं. मखमलाबादहून आलेल्या बाईकडून तू झेंडू घ्यायचीस, अर्धा दुकानाला आणि अर्धा देवाला. पाटावर तराजू, वजनं, कात्री, गूळ फोडायची हातोडी मांडायची आणि सगळ्यांना हळदकुंकू. पहिल्यांदा तू तो चहाचा डबाही पाटावर ठेवलास, वरच्या गठ्ठ्यातलं वरचं कार्ड काढलंस आणि त्या फलंदाजाच्या कपाळाला कुंकू लावलंस. अण्णा दाढी करत होते, तसेच फेस लावलेले बाहेर आले.

“अगं, जिवंत माणसाच्या फोटोला कुंकू लावतात का? तो बिचारा तिकडे खेळतोय.”

“फोटोला कोण लावतंय? मी मालाला लावते.”

“मग मालाला लाव ना. कपाळ कशाला?”

तू जरा विचारात पडलीस. त्याचं कपाळ पुसलंस आणि काडेपेटीतली काडी कुंकवात बुडवून त्याच्या बॅटीवर एक ठिपका दिलास. “हत्यार तेच की त्याचं,” म्हणालीस. त्यानंतर दर दसऱ्याला एक कार्ड वर यायचं. फलंदाज असेल तर बॅटीवर, गोलंदाज असेल तर हातातल्या चेंडूवर, यष्टिरक्षक असेल तर हातमोज्यांवर, काडीच्या टोकाएवढं कुंकू. त्या वेळी धाकटा आपट्याची पानं आणायच्या नावाखाली गल्लीत उंडारत असायचा. तू मला हाक मारून विचारायचीस, “यंदा वर कोणाला बसवायचं?” मी सगळे गठ्ठे सोडून बसायचे. खेळ मलाही कळत नव्हता. मी चेहरा बघून निवडायचे, म्हणजे एकाचे कान मामासारखे होते म्हणून तो, एकाला सर्दी झाल्यासारखी वाटत होती म्हणून तो. मागून मिळालं नाही ते तू मला असं देत होतीस का, की तुला खरंच कोणीतरी निवडून द्यायला हवं होतं, हे मी तुला कधी विचारलं नाही.

तो सर्दीवाला पुढे फार मोठा झाला, आई. कप्तान झाला. तुझ्या डब्यातलं त्याचं कार्ड तो अगदी कोवळा असतानाचं आहे आणि सगळ्यांना तेच हवं आहे.

हे मला कॉलेजरोडच्या एका जुनी नाणी आणि तिकिटं विकणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं. त्यांनी हातात पांढरे मोजे घातले आणि एकेक कार्ड दिव्याखाली धरलं. मला वाटलं होतं पाच मिनिटांत ‘रद्दीत द्या’ म्हणतील, पण त्यांनी सगळा डबा बघून संपवला. मग त्यांनी ग्रेडिंग म्हणजे काय ते समजावलं. कार्ड परदेशी पाठवायचं, तिथले लोक कोपरे, कडा, छपाई भिंगातून बघतात, दहापैकी गुण देतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून परत पाठवतात. त्यानंतरच खरी किंमत.

“म्हणजे मार्कशीट,” मी म्हटलं.

“तसंच समजा मॅडम. बाकीची मी अशीच घेईन, त्यांना पाठवण्यात अर्थ नाही. पण हे एक पाठवाच. फक्त ह्या डागाचं काहीतरी करावं लागेल.”

“तो डाग नाही. कुंकू आहे.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. माणूस सभ्य, हसले नाहीत. “असेल. त्यांच्या लेखी तो डागच. वरचा थर गुळगुळीत आहे, ओल्या कापसाने अलगद निघेल. पण तुम्ही ठरवा आणि मग आणा, मी घाई करत नाही.”

मी डबा उचलून रिक्षाने घरी आले. वाटेत फार राग आला होता, आणि कोणाचा ते कळत नव्हतं. बँकेतली माझी सगळी नोकरी सह्या जुळवून बघण्यात सरली, त्यामुळे घरी आल्यावर मी सगळी कुंकवाची कार्डं ओळीने मांडली आणि निरखत बसले. ठिपके सारखेच, बारीक, किंचित डावीकडे झुकलेले, आता तपकिरी पडलेले. तू चौथीपर्यंत शिकलेली, कधी कोणाला चिठ्ठी लिहिली नाहीस. उधारीसुद्धा तोंडपाठ ठेवायचीस. तुझा आवाज आम्ही कुठे भरून ठेवला नाही. शिवणयंत्रावर तुझ्यानंतर मोलकरणीने, शेजारणीने, सगळ्यांनी हात चालवला. तुझ्या हाताने केलेलं आणि अजून तसंच असलेलं घरात दुसरं काही नाही. ते कापसाने पुसायचं आणि वर त्याला गुण मिळवायचे, हे माझ्याने होणार नव्हतं. डबा माझ्या एकटीचा असता तर प्रश्नच नव्हता.

धाकट्याचं म्हणणं तुला माहीत असायला हवं. तो दिंडोरीला द्राक्षांच्या औषधांचं दुकान चालवतो, छाटणीच्या दिवसांत त्याला जेवायला फुरसत नसते. तरी माझा फोन आला की माल उतरवता उतरवता बोलतो.

“ताई, तू लय विचार करते. आई दुकानदार होती. पडून राहिलेला माल तिला सहन व्हायचा का? शिळा पाव पण ती संध्याकाळी कमी भावात काढून टाकायची.”

“कार्डं म्हणजे पाव नाही.”

“तिनंच म्हटलं होतं ना अण्णांना, मालाला लावते म्हणून? ही गोष्ट तूच तर दर दसऱ्याला सांगते. माल म्हणजे विकायचा. पाठवून दे ते एक. प्लास्टिकमध्ये राहील, वाळवी नाही, पाणी नाही. ते काय वाईट आहे?”

 तुझाच शब्द त्याने माझ्यापुढे ठेवला होता. खरं म्हणजे तो हावरेपणाने बोलत नाही, तसा तो कधीच नव्हता. तू गेलीस तेव्हा तुझ्या बांगड्या त्याने न विचारता माझ्याकडे दिल्या. त्याला मनापासून वाटत होतं की तू असतीस तर विकलंच असतंस, आणि मलाही, प्रामाणिकपणे, तसंच वाटत होतं. कोणी गिऱ्हाईक खिडकीशी येऊन चांगला भाव बोललं असतं तर तू त्या कप्तानाला कागदात गुंडाळून दिलं असतंस आणि पुढच्या दसऱ्याला दुसरा वर बसवला असतास. मी शेवटी त्याला म्हटलं, रविवारी ये, आपण समोरासमोर बसून ठरवू. पण पाठवायचं म्हणालास तर मी आडवी येणार नाही.

रविवारी तो आला. येताना घरच्यांनी दिलेली मेथी आणि वांगी घेऊन आला, सोफ्यावर न बसता तुझ्यासारखा जमिनीवरच बसला आणि डबा पुढ्यात ओढला. बाकीच्या गठ्ठ्यांबद्दल आमचं पाच मिनिटांत जमलं, ते कॉलेजरोडवाल्यांना ग्रेडिंगशिवाय आहेत तसे देऊन टाकायचे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्यांना गोडी आहे त्यांच्या हातात जातील, पायाखाली तर येणार नाहीत. मग मी ते एक कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने ते खिडकीशी नेलं, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. त्याने नाक ओढलं तेव्हा मला कळलं.

“नको ताई,” तो म्हणाला. “हे नको पाठवायला. आईचा हात आहे याच्यावर. बघ ना, एवढी वर्षं झाली, अजून किती लाल आहे. बाकीच्यांवरचं तर विटून गेलं पार.”

कुंकवाची सगळी कार्डं त्याने माझ्याकडेच ठेवायला सांगितली, त्या एकासकट. जाताना चपला घालताना म्हणाला, “तुझ्याकडेच राहू दे, तू जपशील.” प्रश्न सुटला, तो असा.

आता उरलेलं. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, डब्यातही ठेवणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. आडवी येणार नाही म्हणून शब्द दिला होता, म्हणून तो यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, ओला कापूस घेतला. पुसायचंच तर परक्याच्या हाताने कशाला, असं वाटलं. एका फटक्यात निघालं, आई. मला वाटलं होतं जोर लावावा लागेल, निदान खूण तरी मागे राहील. बॅट कोरी करकरीत झाली, जणू तू तिथे हात लावलाच नव्हतास. मी घाबरले. देवघरातला करंडा आणला, काडी शोधायचंही सुचलं नाही, बोटानेच लावलं. तुझ्यापेक्षा बरंच मोठं झालं. धाकटा त्याच्याकडे बघत ‘अजून किती लाल आहे’ म्हणत होता, तेव्हा मी नुसती मान हलवली.