जाळीत उतरलेला आंबा

शारजा

प्रिय सुचित्रा,

पोचलो, प्रकृती ठीक, गोळ्या वेळेवर चालू आहेत. हे सगळं फोनवर सांगून झालंय, तरी पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी आहे, हे तू ओळखलंच असशील. ईशानीला घेऊनच येतो, तिचा सुदेशशी साखरपुडा ठरल्या दिवशीच होईल, असं तुला सांगून मी निघालो होतो. ते विसरलेलो नाही.

पण आधी आंब्याचं ऐक. काल लेकीने मला दुबईत रास अल खोरला तिच्या फळांच्या गोदामात नेलं. बाहेर नुसती आग आणि आत हुडहुडी. तिने स्वतःचं जाकीट मला चढवलं. जपानहून आंबे आले होते. मनात म्हटलं, देवगडच्या बागायतदाराला आंबा काय दाखवता! पेटीचं झाकण निघालं आणि मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. दोनच फळं, लालबुंद, अंगावर ना डाग, ना चिकाचा ओघळ. नुकत्याच न्हालेल्या बाळासारखी दिसत होती. सगळी हयात बागेत गेली गं, पण फळापुढे हात जोडावेसे वाटले ते कालच.

आणि ते लोक आंबा उतरवतात कसा, ठाऊक आहे? उतरवतच नाहीत! प्रत्येक फळाला झाडावरच जाळी बांधतात आणि थांबतात. पिकला की तो आपणहून देठ सोडून जाळीत पडतो. आपण चौदा आणे तयार झाला की काठीचा झेला लावून तोडतो, मग पिकायला गवतात अढी घालतो. पडलेला आंबा आपल्या पेटीत जात नाही, आणि त्यांचा पडल्याशिवाय पेटीत जात नाही! मी विचारलं, कधी पडणार हे त्यांना कळतं कसं? ईशानी म्हणाली, नाही कळत बाबा, रोज जाऊन बघायचं.

मग तिने एक फळ उचललं, डोळे मिटून देठाजवळ हुंगलं; वास अजून पुरता भरला नव्हता. तिचा साहेब इद्रीस ‘यल्ला, यल्ला’ अशी घाई करत होता, हॉटेलची गाडी खोळंबली होती. ही शांतपणे म्हणाली, ‘नहीं भाई, आज नहीं, परसों.’ आणि त्याने मुकाट्याने गाडी परत पाठवली. ही आपलीच ना, असं झालं मला. दुसऱ्या पेटीतलं एक डागी फळ तिने घरी आणून कापलं. गरात रेषा म्हणून नाही, आणि गोडी अशी की मी साल चोखत बसलो. हापूसचा वास मात्र त्याला नाही, हे मी कुठेही सांगेन.

आज सकाळी ती म्हणाली, बाबा, तुम्ही एवढे आलात तर येते मी, बॅग भरते. भांडली नाही, रडली नाही. तिचा चेहरा बघून बॅग मीच परत कपाटावर ठेवली. सुचित्रा, मी एकटाच येतोय. फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस, म्हणून हे पत्र गावी निघालेल्या दत्तारामबरोबर माझ्याआधी पाठवतोय. सुदेशच्या घरी मी जाईन, शब्द मी दिला होता. तू तिला रोज फोन कर. फक्त कधी येणार, हे विचारू नकोस. जेवलीस का, एवढंच विचार.

तुझाच,
उल्हास