अव्वाची मध्यस्थी

लातूर, ४ जून २०१८
अपूर्वाने नांदेडहून वकिलामार्फत कागद पाठवला. परस्परसंमतीने घटस्फोट. मी अजिबात डिस्टर्ब झालो नाही. एक शुद्धलेखनाची चूक होती, ती लाल पेनने दुरुस्त केली. नांदेडच्या कॉलेजात नोकरी लागल्यापासून ती तशी हवेतच आहे. फेज आहे. क्लासच्या रिपीटर बॅचला अशी पोरं दरवर्षी येतात, दिवाळीपर्यंत ताळ्यावर येतात.
निर्णय : सही करायची नाही. शांत राहायचं.

५ जून, सकाळी
शांत राहिलो. फक्त फोन केला. विवाहसंस्थेचं महत्त्व मुद्देसूद सांगितलं. ती म्हणाली, कुकर लावलाय, ठेवते. म्हणजे तोपर्यंत ऐकत होती. प्रोग्रेस.

८ जून
प्लॅन बी : समाजाचं प्रेशर. स्टाफरूममध्ये मॅथ्सच्या अजीज सरांना सांगितलं. वाटलं, हा माणूस तरी हादरेल. ते डबा खात म्हणाले, त्यांच्या मोठ्या बहिणीनं, बानोआपानं, पहिला नवरा सोडला, दुसरं लग्न केलं, आता मुदखेडला मजेत आहे. वर विचारलं, लोणचं घेता का.
मग पुण्याला मालविकाला फोन. पोटची पोरगी, धक्का बसेल म्हणून आधी पाणी पिऊन घे म्हणालो. तिला आईने जानेवारीतच सांगितलं होतं. रूममेटच्या घरीही असंच आहे म्हणे, नॉर्मल आहे. मी म्हणालो, नॉर्मल हा शब्द तापाच्या बाबतीत वापरतात. तेवढ्यात तिची बस आली.

११ जून
ब्रह्मास्त्र. निलंग्याहून अव्वाला बोलावून घेतलं. माझी आई जुन्या वळणाची, सून तिचा शब्द खाली पडू देत नाही. अव्वाला सगळा विषय समजावला. पुन्हा समजावला. मग तिच्याकडून म्हणवून घेतला. नांदेडच्या एसटीत बसवलं. रविवारी दोघी परत येतील. उशांचे अभ्रे बदलले.

१७ जून, रविवार
आल्या नाहीत. अव्वा फोनवर म्हणाली, घाई करू नको, बोलायलोय आम्ही. मागून अपूर्वाच्या हसण्याचा आवाज. वातावरण अनुकूल.

२३ जून
अव्वाने लुगडी आणि बीपीच्या गोळ्या मागवल्या. मोहीम लांबणार. घरात बसवत नाही, क्लासवर उभं राहवत नाही. आज रिव्हर्सिबल प्रोसेस शिकवली. एक मुलगी म्हणाली, सर, ही कालच झाली. अभ्रे पुन्हा बदलले.

२८ जून, नांदेड
लुगडी घेऊन स्वतःच आलो. अपूर्वा कॉलेजातून यायची होती. अव्वा शेंगा फोडत बसलेली. विचारलं, काय ठरलं?
ती वर न बघता बोलली. "भूकंपानंतर आपण पत्र्याच्या शेडात राहत होतो. तुझा बाप दिवसभर मला शिकवायचा. चूल अशी पेटव, भाकरी अशी थाप. त्यानं जल्मात चूल पेटवली न्हाई. मला लई वाटायचं, उठून जावं. पण जायचं कुठं, हे ठावं नव्हतं." एक शेंग फोडली. "हिला ठावं हाय. जाऊ दे तिला."
दोन्ही केसेसमध्ये मूलभूत फरक आहे, हे मी तिला सांगू लागलो. दुसऱ्या मुद्द्याला ती सूप घेऊन आत गेली.
अपूर्वा आली. पाणी दिलं. मी ठरवलेलं सगळं बोललो. ती शेवटपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, "तुम्ही वाईट नाही आहात. पण वीस वर्षांत मी एक गोष्ट सांगायला घेतली आणि पूर्ण सांगितली, असं कधी झालं नाही."
मी म्हणालो, उदाहरण दे. ती द्यायला लागली. मधेच मला एक मुद्दा आठवला.

३ जुलै
सही केली. ही माघार नाही, स्ट्रॅटेजी आहे. कोर्ट सहा महिने विचाराला देतं. तेवढ्यात तीच केस मागे घेईल. अव्वाचा मुक्काम तिथेच. लातूरला तिचं डोकं दुखतं म्हणे. हवामानाचा फरक असेल.

१७ जानेवारी २०१९, नांदेड
आज शेवटची तारीख. ऐनवेळी ती नको म्हणेल याची खात्री होती. जजसाहेबांनी तिला विचारलं, काही दबाव आहे का. ती नाही म्हणाली. मग मला विचारलं. माझी पूर्ण तयारी होती. अपूर्वाकडे पाहिलं. तिने नवा चष्मा केलाय. केव्हा केला, माहीत नाही. मीही नाही म्हणालो. झालं.
बाहेर अव्वा थांबली होती. माझ्या पाठीवरून हात फिरवला. वेळेवर जेवत जा म्हणाली आणि अपूर्वाबरोबर ऑटोत बसली. मला वाटलं, ऑटो वळून येईल. थोडा वेळ उभा राहिलो.

त्याच दिवशी, लातूरच्या एसटीत
शेजारचे गृहस्थ बोलके निघाले. गाव विचारलं, धंदा विचारला. सगळं व्यवस्थित सांगितलं. मग म्हणाले, घरी कोण कोण असतं?
सांगायला सुरुवात केली. म्हणालो, मी.
ते पुढचं ऐकायला थांबले.