पेजफाइलमध्ये उरलेलं

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

परत लटकलं! टायपिंगला आलेला लोणावळ्याच्या सरांचा प्रबंध, एकशे चाळिसावं पान, आणि मशीन ढिम्म. मग पाटी आली – व्हर्च्युअल मेमरी कमी पडतेय. पडू दे. माझी तरी कुठं पुरतेय.

कैलास असता तर दोन मिनिटांत काहीतरी खुडबूड करून मोकळा झाला असता. मशीन त्याचंच. खंडाळ्याच्या बंगल्यांची बुकिंगं तो ह्यावर बघायचा. काल आठ आठवडे झाले.

एकदाचं लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल. १३ जुलैला दोन पाहुण्यांना घेऊन तो भुशी धरणाच्या वरच्या अंगाला गेला, मागच्या वाटेनं. पुढून बंदी होती म्हणून. पाणी वाढलं. एक पाहुणा वाहून गेला, एक वाचला. वाचलेला म्हणाला, कैलास माझ्या मागंच होता, मित्राला काढायला त्यानंच उडी मारली असणार. पाहुण्याचं प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं. कैलासचं नाही.

टाकव्याच्या चौकात त्याचा फ्लेक्स लावलाय. मी त्या बाजूनं जातच नाही.

९ सप्टेंबर

दत्तोबाकाका आले होते. कैलासचे चुलते, घरात आता तेच मोठे. "पोरी, प्रेत न्हाई म्हून काय त्याला असंच लटकत ठेवायचं? सर्वपित्रीला पुतळा करू, अग्नी दिऊ. मोकळा हुईल त्यो."

दर्भाचा पुतळा, त्याला कैलासचा सदरा. तो जळला की मी विधवा. एवढं सोपं.

मी म्हटलं, मी त्याला बघितल्याशिवाय मंगळसूत्र काढणार नाही. मला वाटलं आत्या माझ्या बाजूनं बोलतील. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, झुंबरबाई. एकुलता एक लेक त्यांचा. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "करा."



११ सप्टेंबर

अमृता येऊन गेली. लोणावळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे तिचं. दहावीपर्यंत एका बाकावर होतो. मशीन बघून, हेल्मेट काढायच्या आधीच मला शिव्या – "अगं, सी ड्राइव्हला श्वास घ्यायला जागा नाही!"

मग समजावलं. रॅम म्हणजे ओटा. ओट्यावर मावलं नाही की मशीन सामान फडताळात नेऊन ठेवतं. ते फडताळ म्हणजे पेजफाइल. आमचं फडताळ सी ड्राइव्हवर, आणि तिथं जागा नाही. ते डी ड्राइव्हवर न्यायचं. आपोआपची खूण काढायची, सुरुवातीची साइज सहा हजार, जास्तीत जास्त बारा हजार, सेट दाबायचं, मशीन परत चालू करायचं. झालं.

"आणि जुन्या फाइलचं काय?"

"ती जाते."

"त्यात काय असतं?"

"जे जे उघडलेलं असतं त्याचे तुकडे. कधीकधी बरेच जुने."

माझा हात माउसवर होता. तो मी काढून घेतला. जुने म्हणजे जुलैतले पण?

अमृतानं हेल्मेट उचललं. उद्या पेनड्राइव्ह घेऊन येते म्हणाली.

१२ सप्टेंबर

पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं की विंडोज झोपलेलंच राहतं, आणि पेजफाइल उघडता येते. अमृताच्या प्रोग्रॅमनं त्यातली मराठी अक्षरं तेवढी गाळून दिली. बाकी सगळा कचरा. मी टाइप केलेल्या प्रबंधाचे तुकडे, लग्नाच्या पत्रिका. मग हे –

"साहेब, रविवारी मागच्या वाटेने नेतो. काळजी नको."

कैलासचं. तारीख नाही, पण त्याचंच. मी पदर तोंडात धरून बसले.

आणि खाली, कचऱ्यात सुटी सुटी –

"कैलास जेवलास का रं"

"हितं लय पाऊस हाय"

"तितं थंडी वाजती का"

"समदी तुजं नाव काढत्यात"

ना स्वल्पविराम, ना टिंब. हे कुणी लिहिलं? ह्या घरात टाइप मीच करते. आत्यांना वाचता येतं, एक एक अक्षर लावून, पण लिहिता येत नाही. सहीच्या जागी अंगठा लावतात.

अमृताच्या हातावर काटा उभा राहिला. मला दाखवला तिनं.

तिनं आणखी एक शोधलं. मशीन बंद करताना पेजफाइल पुसून टाकायची, अशी सेटिंग चालू होती. "ही आपोआप चालू नसते गं. कुणीतरी मुद्दाम केलीय." तरीच बंद व्हायला दहा-दहा मिनिटं लागायची. तिनं ती बंद करून टाकली.

"मग हे उरलं कसं?"

मला त्यातही हसू आलं. आत्या! गडगडलं की पहिलं काम – ओसरीतला मेन स्विच खाली. आमच्या वाडीत घरोघरी हीच रीत. वीज पडून शेजारचा मीटर जळाला होता, तेव्हापासून. किती वेळा सांगितलं, मशीन आधी नीट बंद करू द्या. "मशीन मोठं का जीव मोठा?" ह्या पावसात ते धड बंद झालंच नाही. पुसायला वेळच मिळाला नाही त्याला.

सेट दाबलं नाही. पेनड्राइव्ह माझ्याकडेच ठेवून गेली अमृता.

१४ सप्टेंबर, रविवार

गाय व्याली. कालवड. कपाळावर पांढरा ठिपका.

दुपारी परत पेनड्राइव्ह लावला. एक नवी ओळ –

"गाय आज याली बाबा तू आसतास तर"

आज. म्हणजे सकाळपासून आत्ताच्या मधे. मी गोठ्यात होते, पाणी तापवत होते. मशीनवर कोण होतं?

कैलास, तू असशील तर मला बोल ना. तुझ्याशी दुसरं कोण बोलतंय?

१५ सप्टेंबर

काही नाही. पाऊस.

१६ सप्टेंबर

कळलं!

कामावरून, टायपिंगच्या दुकानातून, बाराच्या एसटीनंच परत आले, वीज गेली होती तिथली. घरी वीज होती. दारातूनच आवाज ऐकला. आत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, स्क्रीनसमोर, हात मांडीवर ठेवून बोलत होत्या. आणि पांढऱ्या पानावर अक्षरं उमटत होती, एका मागोमाग एक, कुणी हात न लावता. 

मग कोपऱ्यातलं माइकचं लाल चिन्ह दिसलं. बोललेलं लिहून घेणारं. कैलासनं शिकवलेलं त्यांना. कधी, कुणास ठाऊक.

मला बघून त्यांनी एक बटण धरून ठेवलं. पान कोरं झालं.

"बोलते मी त्याच्याशी," म्हणाल्या. "तू फोटूशी बोलतीस न्हवं? मी हितं बोलते. येड लागलंय म्हून सांग दत्तोबाला."

मला इतकी लाज वाटली. चार दिवस घरात भूत शोधतेय, आणि एक म्हातारी आपल्या मेलेल्या लेकाला जेवलास का विचारतेय. चहा केला दोघींना. त्यांनी बशीतून प्यायला, माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी अमृताला फोन केला. सगळं सांगितलं तिला. मग म्हणाली, "ते ऑनलाइनचं पान आहे गं, कैलासच्या खात्यावरचं. कुठूनही उघडतं. तुझ्या मोबाइलवर लावून देऊ?" नको म्हटलं. ते त्यांचं आहे.

१७ सप्टेंबर

आत्यांनी कालवडीचं नाव ठेवलं – रोझी!

आजपर्यंत ह्या गोठ्यात तांबू, कपिली, हरणी. मी विचारलं, "रोझी? हे कुठून काढलंत?"

"आलं मनात."

दोन महिन्यांत पहिल्यांदा हसल्या.

१८ सप्टेंबर

दत्तोबाकाकांना हो सांगितलं. अडून बसायला आता माझ्याकडे काय उरलंय? तो एक तुकडा होता, तो पण आत्यांचाच निघाला. निळ्या चौकड्यांचा सदरा काढून ठेवलाय. वास गेलाय त्याचा. मी खूप वेळ हुंगला, नाहीच आला.

मला राग येतोय. त्याचाच. मागच्या वाटेनं न्यायची काय गरज होती?

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

झालं.

नदीवर. दर्भाचा पुतळा, त्याला सदरा घातला तर बाह्या लोंबायला लागल्या. दत्तोबाकाकांच्या मुलानं, समर्थनं, अग्नी दिला. सदरा आधी पेटला.

मला रडू आलंच नाही. बायका कुजबुजल्या, शेजारच्या रूपाकाकूनं पाठीवर हात फिरवून फिरवून रड म्हणून सांगितलं, तरी नाही. जे जळत होतं ते कैलास नव्हता, एवढंच डोक्यात. मंगळसूत्र बायकांनीच काढलं. गळा हलका लागतोय, सारखा हात जातोय.

आणि आत्या. पूर्ण वेळ त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत होत्या. डोळे मिटले तरी मला ते कळत होतं.

२२ सप्टेंबर

घट बसले आज सगळीकडे. आमच्याकडे सुतक.

दुपारी आत्या मशीनपाशी बराच वेळ. मी मुद्दाम परसात गेले, बोलू दे त्यांना. तीनला गडगडलं, त्या उठल्या, मेन स्विच खाली. सवय ती सवय!

२३ सप्टेंबर

सरांचा फोन – प्रबंध शुक्रवारपर्यंत हवा. मशीन दर दहा पानांना लटकतंय. उद्या पेजफाइल डी ड्राइव्हवर टाकते. जुनी गेली तर गेली. माणूस गेलं, फाइल काय सांभाळायची.

२४ सप्टेंबर, बुधवार, दुपारी

सेट दाबायच्या आधी, शेवटचं म्हणून पेनड्राइव्ह लावला.

कोऱ्या पानावरचे तुकडे. आत्यांच्या ओळींमधे, त्यांच्या नाहीत अशा तीन. टिंबं जिथल्या तिथं –

"कालवडीचं नाव रोझी ठेव."

"आये, झालं का समदं?"

"ती रडली का?"

परत वाचायला गेले तोच स्क्रीन काळा झाला. ओसरीत मेन स्विच खाली ओढल्याचा आवाज आला.

बाहेर लख्ख ऊन आहे.