शुभाकाकूंचं ‘चालेल’

४ नोव्हेंबर, मंगळवार

नवी विद्यार्थिनी — शुभाकाकू, मुलुंड पूर्व. मुलाने, श्रेयसने, साठीची भेट म्हणून परस्पर उडी बुक केली. विमानातून, दहा हजार फुटांवरून, माझ्या पॅराशूटच्या पट्ट्यांना बांधून! विचारलं, भीती वाटते का? म्हणाल्या, “चालेल.” उडी मारायची आहे ना? “चालेल की.” अहो, मी चहा विचारत नाहीये!

फॉर्म चार पानी. श्रेयसने बोट ठेवलं तिथे काकूंनी सही केली. एक अक्षर वाचलं नाही! माझं डोकं फिरलं. फॉर्म फाडला, नवा दिला. म्हटलं, आधी वाचा, तेही मोठ्याने. श्रेयस घड्याळ बघत बसला. काकूंनी मात्र सगळं वाचलं — इजा, अपंगत्व, मृत्यू, एकूण एक कलम. मग चष्मा पुसत म्हणाल्या, “अगं, मी बँकेचे कागदही कधी असे वाचले नाहीत.” आणि सही केली. अक्षर काय सुंदर आहे!

६ नोव्हेंबर, गुरुवार

सराव सुरू. हॉलमधल्या टेबलावर काकूंना पोटावर झोपवलं. कंबर पुढे, डोकं मागे, पाय दुमडलेले — केळ्यासारखा बाक. उतरताना गुडघे छातीशी, नाहीतर घोटा गेलाच. काकूंनी दुपारी घरी सोफ्यावर करून पाहिलं तर कामवाल्या मावशी पाठीत उसण भरली समजून तेल घेऊन धावल्या म्हणे! हसून हसून माझं पोट दुखलं.

सकाळी निघताना त्यांना माझा नियमही सांगितला होता. दार उघडलं की मी कानाशी विचारणार — जायचं? ‘हो’ म्हणालात तर जाऊ. ‘नाही’ म्हणालात तर विमानात बसूनच खाली येऊ, मी एका शब्दाने बोलणार नाही. ‘चालेल’ मी ‘हो’ धरत नाही.

“एवढं वर जाऊन नाही म्हणायचं? लोक काय म्हणतील गं?”

तिथे लोक नसतात काकू. मी आणि पायलट.

८ नोव्हेंबर, शनिवार

विक्रोळीला, घरी. आईने विचारलं, कोबी की दुधी? मी म्हटलं, काहीही चालेल. जीभ चावली!

११ नोव्हेंबर, मंगळवार

सरावानंतर काकूंनी डबा उघडला. थालीपीठ आणि लोणी — मी तीन खाल्ली. खाता खाता कळलं, श्रेयस बंगळुरूहून महिनाभर आलाय तो मुलुंडचं घर विकायला. पुढच्या मंगळवारी सह्या, मग काकू त्याच्याकडे. बत्तीस वर्षं राहिल्यात त्या घरात. घर कोणाच्या नावावर? “माझ्या.” तुम्हाला जायचंय? “त्याने ठरवलंय ना. चालेल.”

मला काय करायचंय त्यांच्या घराशी? मी उड्या शिकवते. पण राग आला. आलाच!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गुडघे झकास! काकूंनी नवे बूटही आणलेत. लालभडक.

१६ नोव्हेंबर, रविवार

घाटापलीकडची धावपट्टी, आभाळ स्वच्छ. खाली श्रेयस आणि सून मोबाइल सरसावून उभे. वर दार उघडलं. वारा भसकन आत. मी कानाशी विचारलं, काकू, जायचं? त्यांनी वाकून खाली पाहिलं. पुन्हा विचारलं.

“नाही!”

अशा ओरडल्या की पायलटने मागे वळून पाहिलं.

दार लावलं. नियम म्हणजे नियम. खाली येईपर्यंत काकूंनी माझा हात सोडला नाही. मला वाटलं रडतायत. पाहिलं तर हसत होत्या!

श्रेयस वैतागला. “आई, एवढं जमवून आणलं मी! सपना, थोडा धक्का द्यायचास ना यार!” म्हटलं, धक्का देणं माझ्या कामात बसत नाही.

तोंडावर बोलले खरी, पण घरी येताना फार वाईट वाटलं. एवढी तयारी! माझंच शिकवणं कमी पडलं का?

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी काकूंचा फोन. “काल घराचे सगळे कागद वाचले. श्रेयससमोर, मोठ्याने. आणि सांगितलं — विकायचं नाही.”

मी फोन धरूनच जागेवर उडी मारली!

“ऐकतेयस ना? येत्या रविवारी जागा आहे का गं? या वेळी मला कोणी पाठवत नाहीये. पण दारात विचारायचं मात्र विसरू नकोस.”