ठसका लागलाच नाही

१२ जानेवारी २०२५, रविवार

धनू सहा वाजता परत आली. गोरक्षनं फाटकापाशी सोडली, आत डोकावलाही नाही. बरंच झालं! घटस्फोटात कोर्टानं ठरवून दिलंय — पोरगी माझ्याकडं, दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी बापाकडं, राजूरला. सात वर्षांची पोर. टेम्पोत दीड तास जायचं, दीड तास यायचं.

दिवेलागणीला आईनं तिची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या अंगावरून उतरवून पाणी तापवायच्या चुलीत टाकल्या. ठसका लागला तर पोर निर्धास्त. न लागला तर कुणाची तरी नजर बसलेली. आम्ही तिघी चुलीपाशीच होतो. मिरच्या जळून काळ्या झाल्या. कुणी खोकलंच नाही.

१३ जानेवारी

ताप. एकशे दोन. सासूचीच नजर, दुसऱ्या कुणाची असणार.

२६ जानेवारी, रविवार

परत तेच. राजूरला म्हणे आज्जीबरोबर करडं हिंडवली, दोन भाकरी खाल्ल्या. इथं आल्यावर गप्प. समोर बसवून नीट बघितली — नखं, कान, मान. भेसळ मला लगेच कळते, डेअरीत रोज दोनशे जणांचं दूध तपासते मी. जेवायच्या आधीच अंग तापलं. मिरच्या नवीन आणल्या होत्या. नुसता धूर झाला.

५ फेब्रुवारी

संगमनेरला वकीलबाईंकडं गेले. पुष्पावती मॅडम. मिरच्यांचं सांगितलं तर म्हणाल्या, "हे कागदावर नको हं." डॉक्टरचा दाखला लावला — भेटीनंतर दर वेळी ताप. अर्ज केला, भेटी बंद करा.

२० फेब्रुवारी

जिंकले! पुढचा हुकूम होईपर्यंत भेटी बंद. कोर्टाच्या पायरीवर गोरक्ष म्हणाला, "रेश्मा, माझ्याकडं ती एकदा बी आजारी पडली न्हाई." मी म्हटलं, तुझ्या आईला विचार. आणि रिक्षात बसले.

९ मार्च, रविवार

मागच्या भेटीचा रविवार चुकला, आजचाही. धनू कुठंच गेली नाही. दिवसभर डोळ्यांपुढून हलू दिली नाही. संध्याकाळी ताप. मिरच्या टाकल्या, ठसका नाही.

मग आता कुणाची?

१४ मार्च

चार दिवस शाळेतही पाठवली नाही. वही घेऊन भिंतीकडं तोंड करून बसते. म्हटलं, इकडं बघ की गं. तर म्हणते, "तू आधी डोळे मीट. तू बघितलंस की मला गार लागतं." हसले मी.

१८ मार्च

डेअरीतून आले तर दारातच नाकात झणका बसला. शेजारची रतनबाई नाकाला पदर लावून उभी. धनू खोकतेय आणि हसतेय! माझ्यामागं आईनं दृष्ट काढली होती. दोन महिने लागला नाही तो ठसका आज कसा लागला, विचारलं.

आई राख सारत राहिली. "तू घरात नव्हतीस."

म्हणजे काय, म्हटलं.

"माझ्या आधीची दोन लेकरं आईला राह्यली न्हाईत. मग माझं नाव कडू ठिवलं, अन् आईनं वरीसभर माझ्याकडं तोंड भरून बघितलं न्हाई. आईचीच नजर लई लागती, रेश्मे."

म्हातारीला काहीही सुचतं. रागारागानं न जेवता झोपले.

१९ मार्च

संशय ठेवायचा नाही. डेअरीत करते तसंच केलं, एक माल, दोन नमुने. मिरच्या त्याच, मीठ तेच. सकाळी आईनं दृष्ट काढली तेव्हा मी गोठ्यामागं थांबले. सगळी आळी खोकली.

संध्याकाळी तिच्यासमोर बसले आणि डोळे भरून बघितली. चुलीत लालभडक इंगळ. सात मिरच्या. धूर सरळ आमच्या तोंडावर आला. काहीच नाही, खवखवही नाही. धनूच्या हातावर काटा आला होता. तरी माझी नजर हलेना. किती गोड दिसते ती.

२० मार्च

वकीलबाई म्हणाल्या, "जिंकलेली पोरगी परत देणार? लोक वेड्यात काढतील." काढू देत.

गोरक्षला फोन केला. रविवारी ये, म्हटलं. भेटायला नाही, न्यायला. तो म्हणाला, "कोर्टाला कारण काय सांगू?"

२३ मार्च, रविवार

डोळे मिटून तिची वेणी घातली. भांग वाकडा पडला. टेम्पो आला तेव्हा भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. आईनं मिरच्या टाकल्या. धनू फाटकापर्यंत खोकत गेली.